बागेतल्या मूर्ती, देवांची वाहनं आणि प्राणी: मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात गेलं. आता बावीस वर्षं मी बागांसाठी मूर्ती घडवते, बसवते, आणि त्याहून जास्त वेळा दुसऱ्यांनी बसवलेल्या दुरुस्त करते. फोनवर, व्हॉट्सअॅपवर, सोसायटीच्या बागेत चिखलात उभं राहून लोक जे विचारतात, तेच इथे त्यांच्याच शब्दांत घेतलं आहे. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे पुढे. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

१. बागेत देवाची मूर्ती ठेवली की रोज पूजा करावीच लागते का?

नाही. प्राणप्रतिष्ठा झाली की ती पूजेची मूर्ती होते आणि मग तिचं नित्यकर्म पाळावं लागतं. प्राणप्रतिष्ठा केली नाही तर ते शिल्प आहे. ते आदराने ठेवावं, चपलांच्या कपाटाशेजारी किंवा एसीचं पाणी गळतं त्याखाली ठेवू नये, एवढं पुरे.

पण बाग सामाईक असेल तर थोडा पुढचा विचार करा. सोसायटीच्या बागेत गणपती बसला की पंधरा दिवसांत गळ्यात जास्वंदीचा हार येतो, महिन्याभरात उदबत्ती, आणि मग पुढच्या संकष्टीला आरतीची वेळ ठरते. लोकांची श्रद्धा आहे, ती चुकीची नाही. मात्र निर्माल्य कोण उचलणार, तेलाचे डाग कोण पुसणार हे आधी ठरलेलं नसेल तर वर्षभरात त्याच मूर्तीवरून भांडण होतं. हे मी तीन सोसायट्यांत पाहिलं आहे. म्हणून सामाईक जागेसाठी मी देवापेक्षा वाहनं किंवा प्राणी सुचवते.

२. पौराणिक काहीतरी हवंय, पण देव नको. मग काय ठेवता येईल?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. आपल्याकडे यासाठी एवढं काही आहे की लोक दुकानातली पंखवाली परी का आणतात ते मला समजत नाही.

पाण्याचं टाकं किंवा छोटं तळं असेल तर गजेंद्रमोक्ष करा. हत्तीचा पाय मगरीच्या जबड्यात, सोंडेत उंच धरलेलं कमळ. भागवतातली ही कथा पाण्यातच घडते, त्यामुळे शिल्प आणि जागा एकमेकांना धरून राहतात. हत्तीचे पाय पाण्यात, मगरीची पाठ अर्धी पाण्याबाहेर, एवढं जमलं की विष्णू दाखवायचीही गरज उरत नाही.

पायवाटेच्या सुरुवातीला कासव. देवळात सभामंडपात आपण ते पाहतोच. बागेत जमिनीलगत, गवतात अर्धं दडलेलं फार शोभतं. भिंतीवर किंवा नळाच्या तोटीवर कीर्तिमुख. जालंधराचा निरोप घेऊन आलेल्या राहूला खायला शंकराने एक भुकेला गण निर्माण केला. राहू शरण आला, मग त्या गणाने शंकराच्या सांगण्यावरून स्वतःचंच शरीर खाल्लं आणि फक्त तोंड उरलं, अशी त्याची गोष्ट आहे. तोंड उघडंच असतं, म्हणून पाणी सोडायला त्याच्याइतकं योग्य दुसरं काही नाही. पाण्यासाठी मकरमुख, म्हणजे मगरीसारख्या पुराणातल्या जलचराचं तोंड, हेही आहेच.

फाटकाशी सिंहाची जोडी सगळेच मागतात. त्याऐवजी शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू, बघा. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर तो कोरलेला आहे; जंजिऱ्याला तर त्याने सहा हत्ती धरले आहेत. आणि एकदम आपल्या मातीतलं हवं असेल तर वाघोबा. आरे आणि बोरिवलीच्या जंगलालगतच्या पाड्यांत वाघदेवाची ठाणी आहेत, वाघबारसेला तिथे पूजा होते. लाकडावर किंवा दगडावर वाघ, शेजारी चंद्र आणि सूर्य, इतकं साधं असतं ते. तसाच करून घेणार असाल तर पाड्यातल्या कारागिराकडून घ्या आणि त्याला नीट पैसे द्या. तो त्यांचा देव आहे, म्हणून शोभेसाठी ठेवताना त्यांना विचारावं असं माझं मत आहे.

३. ऑर्डर देण्याआधी मुंबईत प्रत्यक्ष कुठे काय बघू?

भायखळ्याला जा. राणीच्या बागेला लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्याच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यामुळे. जवळ जाऊन त्याचे सांधे बघा. ते सांधे का आहेत हे शेवटच्या प्रश्नात येईल. राणीच्या बागेत मूळ काळा घोडाही आहे, राजपुत्र एडवर्डच्या स्वारीचा. तो १८७९ साली उभारला आणि १९६५ मध्ये फोर्टमधून इथे आणला. काळा घोडा चौकात २०१७ साली नवा घोडा आला, बिनस्वाराचा. दोन्ही एका दिवशी बघितले तर स्वार काढल्यावर घोड्याची मान, छाती, पाय किती बोलायला लागतात ते कळतं. प्राण्याचं शिल्प करून घेणाऱ्याने एवढं तरी बघावंच.

सीएसएमटीच्या फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत, सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. वर मान करून भिंतीवरचे बाकीचे प्राणीही शोधा. बोरा बाजारच्या माणेकजी शेठ अग्यारीच्या दाराशी माणसाच्या मुखाचे पंखवाले बैल राखण करताना दिसतात. ती परंपरा प्राचीन इराण आणि अ‍ॅसिरियाकडची. फ्लोरा फाउंटनवरची फ्लोरा ही रोमनांची फुलांची देवता. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनमध्ये झुडपं कापून केलेले प्राणी आहेत. ज्यांच्या गच्चीला वजन झेपत नाही त्यांनी ते जरूर बघावेत.

४. मुंबईच्या पावसात कुठलं साहित्य टिकतं?

इथे जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि उरलेले महिने समुद्राची खारी हवा असते. कॅटलॉगमधली मूर्ती दिल्लीच्या लॉनवर कशी दिसते यावरून इथला निर्णय घेऊ नका.

काळा पाषाण, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट, आणि ग्रॅनाइट हे सगळ्यात भरवशाचे. पाणी फार पीत नाहीत, शेवाळ आलं तरी वरवर येतं. महाबलीपुरमचे कारागीर ग्रॅनाइटमध्ये उत्तम काम करतात, मात्र ट्रकचं भाडं आणि उतरवून घेण्याची मजुरी आधी विचारा.

संगमरवर बाहेर ठेवू नका. तो चुन्याचाच दगड आहे. शहरातला आम्ल पाऊस, कावळ्यांची विष्ठा, झाडावरून पडलेलं जांभूळ, सगळ्यांनी त्याची झिलई जाते. पाचव्या पावसाळ्यानंतर मकराण्याच्या हंसाची चोच साखरेच्या खड्यासारखी खरखरीत झालेली मी हाताने चाचपली आहे. व्हरांड्यात, छपराखाली ठेवा, तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या राहील.

सिमेंटची मूर्ती चांगली केली तर पंचवीस वर्षं जाते आणि वाईट केली तर पाच. फरक आतल्या लोखंडात असतो. आतला लोखंडी गज पृष्ठभागापासून निदान इंचभर आत हवा. मोराच्या तुऱ्यात, हरणाच्या शिंगात, घोड्याच्या शेपटीत एवढी जाडीच नसते. तिथे साधा गज घातला की खारं पाणी पोचतं, गज गंजतो, गंज फुगतो आणि सिमेंट आतून फोडतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत वरळीच्या एका बंगल्यासाठी केलेल्या मोराचा तुरा चौथ्या वर्षी असाच गळून पडला. तेव्हापासून बारीक भागांत मी स्टेनलेस स्टीलच वापरते. मूर्ती ओतल्यावर किमान सात दिवस, शक्यतो तीन आठवडे ओली ठेवायची. घाईने रंगवून दिलेली मूर्ती घेऊ नका.

फायबर हलकं, स्वस्त, हवं त्या आकाराचं. लालबाग-परळच्या कारखान्यांत आणि गोरेगावच्या सिनेमाच्या सेटवाल्यांकडे उत्तम साचेकाम होतं. ऊन हा त्याचा शत्रू: वरचा जेलकोट पांढुरका पडतो, मग आतले काचतंतू दिसू लागतात. दर तीन-चार वर्षांनी रंगाचा हात द्यावा लागतो. आणि ते वाऱ्याने उडतं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात एका गच्चीवरचा फायबरचा घोडा कठड्यापर्यंत सरकत गेला होता. त्याला खाली काहीच आधार नव्हता, नुसता ठेवला होता.

भाजलेल्या मातीचं काम धारावीच्या कुंभारवाड्यात मिळतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, त्यामुळे थंड देशांत ती जशी तडकते तशी इथे तडकत नाही. मात्र ती पाणी पिते आणि लोणा लागून पांढरे डाग येतात. वाजवून घ्या: नीट भाजलेली घंटेसारखी वाजते, कच्ची भदभद वाजते. मातीचा घोडा जुना होत जातो तो मला शोभतच वाटतो.

ब्राँझ उत्तम पण महाग, आणि समुद्राजवळ त्यावर वर्षातून दोनदा मेणाचा हात हवा. पितळेला चोर फार. सागवानाला ओल्या जमिनीत वाळवी. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती बाहेर ठेवायचीच नसते, एका पावसाळ्यात ती मऊ पडते.

५. दुकानदार "अखंड दगड" म्हणतो. खरंच दगड आहे का कसं ओळखायचं?

मूर्ती आडवी करून बूड बघा. साच्यातल्या मालाचं बूड पोकळ असतं किंवा तिथे बारीक बुडबुड्यांची भोकं दिसतात. कानामागून, पोटाच्या बाजूने एक सरळ रेघ जात असेल तर तो साच्याचा सांधा. ती कितीही घासली तरी बोटाला लागते. दगडावर छिन्नीचे माग असतात आणि ते एकसारखे नसतात. वजन हाही पुरावा आहे: एक घनफूट काळा दगड साधारण ऐंशी किलो भरतो. मार्बलची पूड रेझिनमध्ये कालवून केलेल्या मूर्ती सर्रास "मार्बल" म्हणून विकल्या जातात. त्या वाईट नसतात, पण उन्हात पिवळ्या पडतात आणि त्यांची किंमत दगडाची नसावी.

६. गच्चीवर दगडाचा नंदी ठेवला तर चालेल का?

हिशेब करून बघू. दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच नंदी म्हणजे तीन घनफुटांची पेटी. त्यातली निम्मी जागा दगडाची धरली तरी दीड घनफूट, म्हणजे सुमारे एकशेवीस किलो. ते सगळं वजन दोन चौरस फुटांवर येतं. वापरातल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे एका चौरस मीटरला दीडशे किलोच्या हिशेबाने धरलेला असतो, आणि एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. त्यात खाली वीट-सिमेंटचा चौथरा आणि शेजारी पाण्याने भिजलेल्या मातीच्या चार कुंड्या. एवढं वजन स्लॅबच्या मधोमध टाकू नका. बीमवर किंवा कॉलमच्या डोक्याशी आणा, खाली जाड फरशी टाकून वजन पसरवा, आणि इमारत जुनी असेल तर सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला लेखी विचारा. ज्या स्लॅबला खालून गळती आहे, प्लास्टरचे पोपडे पडताहेत, तिथे दगड नकोच.

त्याच मापाचा नंदी फेरोसिमेंटमध्ये, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापून, पोकळ केला तर साठ-सत्तर किलो, फायबरमध्ये आठ-दहा किलो. बाहेर काढलेल्या बाल्कनीत दगड मी बसवून देत नाही. कठड्यावर तर कुठल्याच साहित्याची मूर्ती नाही, मग ती बोटभर असली तरी. खाली माणसं चालतात.

७. चौथरा कसा असावा?

मूर्तीपेक्षा आधी चौथऱ्याचा विचार करा, आणि चौथऱ्याच्या आधी पाण्याचा. पाणी कुठून येणार आणि कुठून जाणार हे दोन प्रश्न सुटले की निम्म्या दुरुस्त्या टळतात.

पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन जागेवर उभं राहा. पाणी कुठे साचतं, कुठून वाहतं, ते बघा. जुन्या सोसायट्यांत हिंदमातासारखं गुडघाभर पाणी चढत असेल तर त्या खुणेच्या वर किमान वीतभर चौथरा हवा. माथा सपाट ठेवू नका, चहूबाजूंनी अगदी हलका उतार द्या. माथ्याच्या फरशीला खालून, कडेपासून अर्धा इंच आत एक खाच मारून घ्या. पाणी त्या खाचेशी थबकून थेंब होऊन खाली पडतं, भिंतीवरून ओघळत नाही. खाच नसलेल्या चौथऱ्यावर तिसऱ्या वर्षी काळे ओघळ दिसतात. फोटो काढा आणि ठेवा, मग मी म्हटलं होतं ते पटेल.

मूर्ती आणि चौथरा यांच्यामध्ये स्टेनलेस स्टीलची खुंटी. समुद्रापाशी ३१६ प्रतीची, आतल्या भागात ३०४ चालते. साधा गज वापरला तर चौथ्या प्रश्नातल्या मोरासारखं होईल. पोकळ मूर्तीच्या बुडाला पाणी जायला भोक ठेवायचं विसरू नका.

झाडाच्या बुंध्याला टेकून चौथरा बांधू नका. मुळांवर सिमेंट ओतलं की झाड गुदमरतं, आणि झाडाला इजा करणं हा १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो.

८. तोंड कुठल्या दिशेला करावं?

वास्तूचं ज्यांना पाळायचं त्यांनी आपल्या जाणकाराला विचारावं. माझ्याकडे दोनच कसोट्या आहेत.

पहिली कथेची. नंदी कशाकडे तरी बघत असतो, तीच त्याची ओळख. देवळात पिंडीकडे. बागेत पिंड नसेल तर त्याला फाटकाकडे तोंड करून राखणदार बनवू नका. एखादा नैसर्गिक दगड, बेलाचं झाड, वाहतं पाणी असं काही त्याच्या नजरेसमोर द्या. गरुडाचंही तसंच. शरभ आणि सिंह मात्र बाहेर बघतात.

दुसरी पावसाची. मुंबईचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. चेहऱ्याचं बारीक काम त्या दिशेला असेल तर ते आधी झिजतं. उत्तरेची बाजू ऊन कमी लागल्याने ओली राहते आणि शेवाळ तिथे आधी धरतं. शक्य असेल तर चेहरा पूर्वेला ठेवा. सकाळचं तिरकं ऊन कोरीवकामावर पडलं की डोळे, दागिने, आयाळ सगळं उठून दिसतं.

९. मूर्तीमुळे डास होतात अशी तक्रार आहे. खरं आहे का?

अगदी खरं असू शकतं. बसलेल्या नंदीच्या मुडपलेल्या पायामागचा खळगा, उघड्या तोंडाची मगर, हत्तीची वर उचललेली सोंड, ओंजळ धरलेली यक्षी, सगळीकडे वाटीभर पाणी राहतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला तेवढं पुरतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळे खळगे रिकामे करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही बरेच महिने जिवंत राहतात, तेव्हा ब्रशने घासा. मूर्ती नवी करून घेत असाल तर प्रत्येक खळग्याला पेन्सिलीएवढं भोक पाडून घ्या. कारंजं बंद असेल तर टाकं कोरडं ठेवा, किंवा त्यात गप्पी मासे सोडा. महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं बागाही तपासतात आणि अळ्या सापडल्या तर नोटीस सोसायटीच्या नावाने निघते.

१०. शेवाळ कसं काढू?

पावसाळ्यात काढूच नका, आठ दिवसांत परत येतं. नवरात्र झालं की, ऑक्टोबरच्या कडक उन्हात ते वाळून सुटतं. मऊ नारळी किंवा नायलॉनचा ब्रश, साधं पाणी, आणि वरून खाली. फार चिकट असेल तर साबणाचे दोन थेंब.

तारेचा ब्रश, संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि जोराच्या फवाऱ्याचं यंत्र या तिन्हींनी मूर्ती स्वच्छ होते आणि तिचं कातडंही जातं. खरवडलेल्या दगडावर पुढच्या वर्षी शेवाळ जास्त धरतं, कारण त्याला पकडायला खाचा मिळतात. चिंच आणि लिंबू पितळेला चालतात, संगमरवराला अजिबात नाही. ब्राँझचा हिरवट-तपकिरी थर ही घाण नव्हे, तो घासू नका. फक्त पिठासारखी फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर ते खाऱ्या हवेने लागलेलं दुखणं आहे, जाणकाराला दाखवा.

आणि खरं सांगायचं तर काळ्या दगडावर थोडं शेवाळ राहू द्यावं. भेगा नसतील तर ते काही बिघडवत नाही.

११. दगडाच्या किंवा सिमेंटच्या मूर्तीला ऑइल पेंट दिला तर टिकेल ना?

रंग टिकेल, मूर्ती टिकणार नाही. दगड आणि सिमेंट दोन्ही श्वास घेतात. आत शिरलेल्या ओलीला ऑइल पेंट बाहेर येऊ देत नाही, मग रंगासकट पापुद्रा सुटतो. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलँड दगडाचं. त्यावर वर्षानुवर्षं रंगाचे हात बसत गेले आणि २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या डागडुजीत ते थर काढून दगड पुन्हा उघडा करावा लागला.

दगडाला काहीच लावू नका, फार तर श्वास घेऊ देणारं सिलेन-सिलॉक्सेनचं पाणीरोधक. सिमेंटला बाहेरच्या भिंतींचा इमल्शन रंग, तोही मूर्ती पूर्ण वाळल्यावर. फायबरला ऑटो पेंट चालतो.

शेंदराबद्दल वेगळं सांगते. पारंपरिक शेंदूर हे शिशाचं संयुग आहे. देवळातल्या मारुतीची गोष्ट वेगळी. बागेत मुलं मूर्तीला हात लावून तेच हात तोंडात घालतात, म्हणून तिथे शेंदूर नको. रंग हवाच असेल तर शिसं नसलेला केशरी रंग घ्या.

१२. भेग पडली आहे. सिमेंट थापून बुजवू का?

आधी भेग वाचा. भेगेच्या कडेला तांबूस डाग असेल तर आतलं लोखंड गंजलं आहे. वरून थापलेलं सिमेंट पुढच्या पावसाळ्यात पडेल. तिथलं सगळं सैल सिमेंट गज उघडा पडेपर्यंत काढायचं, गज पॉलिश पेपरने चकचकीत करायचा, गंजरोधक लावायचा, मग पॉलिमर घातलेलं सिमेंटचं मिश्रण थराथराने भरायचं. गज निम्म्याहून बारीक झाला असेल तर तो कापून स्टेनलेसचा जोडायचा.

भेगेतून हिरवं पान डोकावत असेल तर ते बहुतेक पिंपळाचं किंवा उंबराचं असतं. कावळ्याने बी टाकलं, भेगेत ओल मिळाली, झालं. दोन पानांचं असताना चिमटीत धरून मुळासकट ओढा. वरून कापलं तर मूळ आत जाड होत राहतं. एका दगडी यक्षीच्या खांद्यातून मी करंगळीएवढं मूळ काढलं. खांदा आधीच दोन भागांत झाला होता.

तुटलेला कान, शिंग, बोट जपून ठेवा. स्वच्छ तुकडा इपॉक्सीने इतका बेमालूम बसतो की सांधा शोधावा लागतो. हरवलेला कान नव्याने घडवला तर तो नवाच दिसतो.

१३. मूर्ती भंगली. ठेवावी की विसर्जन करावं?

पूजेत असलेली भग्न मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, ही रीत आहे. आपल्या गुरुजींना विचारून उत्तरपूजा करा. विसर्जन मात्र खाडीत किंवा तलावात सिमेंट, फायबर टाकून करू नका, ते विरघळत नाही. मातीची असेल तर बादलीत भिजवून ती माती बागेतच घाला. शिल्प म्हणून ठेवलेली असेल (पहिला प्रश्न पाहा) तर भंगल्याने काही बिघडत नाही. घारापुरीच्या लेण्यांतली कितीतरी शिल्पं भंगलेलीच आहेत, आणि आपण त्यांच्यापुढे गप्प उभे राहतो.

१४. परवानगी कुणाची लागते?

स्वतःच्या बंगल्याच्या आवारात छोट्या शिल्पाला सहसा नाही. सोसायटीच्या सामाईक जागेत सर्वसाधारण सभेचा ठराव करा, आणि त्यात मूर्तीचा विषय, माप, खर्च, देखभाल कोणाची हे लिहा; नुसतं "सुशोभीकरण" लिहू नका.

फूटपाथ, रस्ता, महापालिकेचं उद्यान इथे परस्पर काही बसवू नका. सार्वजनिक जागी विनापरवाना धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश आहे आणि रस्त्यांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये असा २०१३ चा. "बाहेरच्या कोपऱ्यावर छोटी घुमटी" हे काम मी घेत नाही.

१५. बुद्धाचं नुसतं मस्तक ठेवायची फॅशन आहे. त्यात गैर काही आहे का?

मला ते खटकतं, आणि मी ते विकत नाही. बुद्ध ही पुराणातली व्यक्तिरेखा नाही, ते इतिहासातले माणूस आहेत, आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर या महाराष्ट्रात लाखो घरांत ते रोज वंदनेत आहेत. धडापासून तोडलेली मस्तकं बाजारात आली ती मुळात प्राचीन मूर्ती फोडून. ती लूटच होती. कारंज्याशेजारी, बारशेजारी ठेवलेलं मस्तक बघून तुमच्या शेजाऱ्याला काय वाटत असेल याचा विचार करा. बुद्ध हवे असतील तर पूर्ण मूर्ती घ्या, ध्यानमुद्रेतली, जमिनीपासून उंच, शांत कोपऱ्यात.

१६. गावाकडून जुनी दगडी मूर्ती मिळते आहे / पाया खोदताना कोरीव दगड सापडला. बागेत लावू का?

थांबा. शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं. त्याची नोंदणी लागते, विक्रीला परवाना लागतो, देशाबाहेर नेता येत नाही. गावातली मूर्ती बहुतेक वेळा कुणा एकाची नसतेच, गावाची असते.

जमिनीत सापडलं तर आहे तिथे ठेवा, फोटो काढा, तहसीलदार आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. धुऊ-घासू नका. मुंबई-ठाणे-रायगड पट्ट्यात शिलाहारांच्या काळातले गद्धेगाळ नावाचे कोरीव दगड सापडतात: वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि स्त्री, मध्ये कधी लेख. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शापवाणी आहे. लोक चित्र बघून लाजेने ते पालथे टाकतात किंवा फोडतात, आणि त्याबरोबर हजार वर्षांपूर्वीचा लेख जातो. अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा लेख अशाच गद्धेगाळावर आहे.

१७. मुलं मूर्तीवर चढतात. काय करू?

चढणारच. हत्ती, कासव, घोडा केला की मुलं बसणार असंच धरून चाला. शिंगं, सुळे, चोच गोल करून घ्या, पाठ दोन फुटांच्या वर नको, खाली फरशीऐवजी माती किंवा वाळू. आणि खुंटी मजबूत हवी (प्रश्न ७). बसायला दिलेलं कासव फायबरचं नको, चार वर्षांनी त्याचे काचतंतू मांड्यांना टोचतात.

१८. चौथऱ्याखाली साप येतो का? आणि खरं कासव सोडलं तर?

रचलेल्या दगडांत पोकळ्या राहिल्या तर उंदीर येतो आणि त्याच्यामागे साप. पोकळ्या चुन्या-सिमेंटने भरून घ्या. स्टार कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. दगडाचं ठेवा.

१९. आमची इमारत रीडेव्हलपमेंटला चालली आहे. बागेतल्या मूर्तीचं काय?

हल्ली आठवड्याला एक तरी फोन याचाच असतो. बिल्डरशी करार होतो, त्यात पार्किंग येतं, जिम येतं, बागेतला चाळीस वर्षांचा नंदी येत नाही. पाडकाम सुरू झालं की तो राडारोड्याबरोबर जातो. म्हणून करारातच लिहून घ्या: मूर्ती कोण काढणार, तीन-चार वर्षं कुठे राहणार, नव्या आवारात कुठल्या जागी बसणार, मोडली तर जबाबदारी कोणाची. चारी बाजूंचे फोटो आणि मापं जोडा.

काढताना घाई नको. घारापुरीचा हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलतानाच तो खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे १९१४ साली भायखळ्याला जोडून उभे केले. तिसऱ्या प्रश्नात म्हटलेले सांधे ते हेच. दगड ताणाला कच्चा असतो. मान, सोंड, शिंग, शेपूट यांना दोर बांधून ओढलं की तो तिथेच तुटतो. आधी चौथऱ्याचा सांधा छिन्नीने हळूहळू मोकळा करायचा, खुंटी करवतीने कापायची, मग बुडाखालून दोन रुंद पट्टे घालून सरळ वर उचलायचं. पट्टा आणि दगड यांच्यामध्ये जुनी गोधडी. टेम्पोत वाळूची पोती पसरून त्यावर, ज्या अवस्थेत उभी होती त्याच अवस्थेत ठेवायची, आडवी नाही.

गेल्या वर्षी परळच्या एका चाळीतलं दगडी कासव आम्ही असंच काढलं. ते आता त्याच चाळीतल्या एका आजींच्या भाड्याच्या घराच्या गॅलरीत, तळमजल्यावर, गोणपाटावर आहे. कासवाच्या पाठीवर चुन्याने त्याचा जुना क्रमांक आणि तोंडाची दिशा लिहून ठेवली आहे, नव्या जागी बसवताना लागेल म्हणून.